जळलेली मोटर रिवाइंडिंगला देण्याआधी

पंपाची थ्री-फेज मोटर जळली की लगेच रिवाइंडिंगवाल्याकडे (नवी तार गुंडाळून देणाऱ्याकडे) धाडू नकोस. त्याने जुनी तार काढली की मोटर का जळली याचा पुरावा गेला. आधी कव्हर उघड, वाइंडिंगचे (आतल्या तारेच्या गुंडाळ्यांचे) फोटो काढ. स्टार जोडणीत (तिन्ही फेजच्या गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) दोन फेज काळे आणि तिसरा स्वच्छ दिसला, तर सप्लायचा एक फेज गेला होता. डेल्टात (गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या) अशा वेळी एकच फेज जळतो. तिन्ही सारखे काळवंडले असतील तर ओव्हरलोड, बंद पडलेला कूलिंग फॅन किंवा वारंवार स्टार्ट यांचा संशय घे. मग स्टार्टर तपास: फ्यूज, कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) किती अँपिअरवर लावलाय ते. ट्रिप होऊ नये म्हणून नेमप्लेटवरच्या अँपिअरपेक्षा जास्तवर फिरवून ठेवलेला रिले बघितला की मला खरंच राग येतो. बेअरिंग गेलं असेल तर पंपाच्या ग्लँडचं (शाफ्टभोवतीच्या सीलचं) पाणी आत शिरलं का आणि कपलिंगचं अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आहेत का) कसं आहे, हे नवी मोटर बसवण्याआधी तपास.