साइट चालू, ऑर्डर बंद

प्रश्न : दादा, इंदूरला रामबागेत राहतो, शेव-नमकीनचं दुकान आहे, बाबांच्या काळापासूनचं. आता वेबसाइटवरून पुण्या-मुंबईलाही पार्सल जातात. साइट वर्डप्रेसवर आहे, विक्रीसाठी त्यावर वूकॉमर्स प्लगइन, आणि साइट चालू आहे का ते बघणारं एक फुकटवालं मॉनिटर लावलंय, दर पाच मिनिटांनी होमपेज तपासतं. दिवाळीच्या तोंडावर रात्रभर एक ऑर्डर नाही, सकाळी बघतो तर चेकआउटला डेटाबेसची एरर, आणि मॉनिटर हिरवंगार, १०० टक्के अपटाइम, म्हणजे साइट एकदाही बंद नाही! पैसे भरून चांगलं मॉनिटर घेऊ का? मित्र म्हणतो अपटाइम कुमा टाक, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं मॉनिटर, ते कसं आहे?

उत्तर : पैसे भरून हेच होमपेज तपासत बसलात तर तेही हिरवंच दाखवणार हो. तुमचं होमपेज बहुतेक कॅशमधून येतंय, म्हणजे आधी बनवून ठेवलेलं पान उचलून दिलं जातं, डेटाबेसला, म्हणजे माल-ऑर्डरच्या नोंदी ठेवणाऱ्या भागाला, कोणी विचारतच नाही, मग तो बंद पडला तरी २०० कोड, म्हणजे ‘सगळं ठीक’, मिळतो आणि मॉनिटर खूश. शटर वर पण गल्ल्यावर कोणीच नाही, तसं.

त्यामुळे तपासायचं पान बदला. डेव्हलपर असेल तर त्याच्याकडून एक छोटं हेल्थ चेकचं पान करून घ्या, ते डेटाबेसमधून एखादी ओळ वाचेल, वाचता आली तर २०० आणि सोबत एक ठरलेला शब्द, नाही आली तर ५०३, म्हणजे ‘सेवा बंद’. हे पान कॅशमधून वगळायला सांगा, कॅशच्या प्लगइनमधूनही आणि साइटच्या पुढे बसून पानं कॅश करणारं क्लाउडफ्लेअर असेल तर तिथूनही, नाहीतर परत तेच रामायण. डेव्हलपर नसेल तर कार्टचं पान लावा. थेट चेकआउट लावून उपयोग नाही, कारण कार्ट रिकामी असली की वूकॉमर्स चेकआउटवरून कार्टवरच पाठवतं. मॉनिटरचा प्रकार ‘कीवर्ड’ (पानावर ठरलेला शब्द आहे का ते बघणारा) निवडा आणि शब्द असा घ्या जो पानाच्या सोर्समध्ये (ब्राउझरमधलं ‘व्ह्यू पेज सोर्स’) दिसतो, कारण ही साधी मॉनिटर्स जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, मागाहून लोड होणारा मजकूर त्यांना दिसतच नाही. आणि पेमेंट गेटवे अडकलं तर यातलं काहीच ओरडणार नाही, सणाच्या दिवसांत अधूनमधून स्वतः एक छोटी ऑर्डर टाकून बघणं आलंच.

पाच मिनिटांचं अंतर तुम्हाला पुरे आहे. ९९.९ टक्के अपटाइम म्हटलं तरी महिन्याला साधारण ४३ मिनिटं साइट बंद राहिलेली चालते, मिनिटामिनिटाला तपासून नमकीन जास्त विकलं जात नाही. फक्त फुकट प्लॅन धंद्यासाठी चालतो का ते अटींमध्ये वाचून घ्या. अंतर कमी करण्यापेक्षा रिट्राय, म्हणजे अलर्टआधी पुन्हा तपासणं, दोन ठेवा, म्हणजे एकदा नेट अडखळलं की लगेच फोन वाजणार नाही. उगाच दहा वेळा वाजलं की अकराव्यांदा माणूस म्यूट करतो, आणि नेमकी तीच सूचना खरी असते. अलर्टचा ईमेल दुकानाच्या डोमेनवर घेऊ नका, मेल त्याच होस्टिंगवर असेल तर साइटबरोबर तोही झोपेल. टेलिग्राम बरं.

कुमा चांगलं आहे, ओपन सोर्स आहे, डॉकरवर (प्रोग्राम तयार डब्यात चालवायची सोय) पटकन चढतं, ब्राउझरमध्ये ३००१ पोर्टवर उघडतं. पण साइटच्याच सर्व्हरवर टाकू नका भाऊ, सर्व्हर गेला की सांगणारच गेला. दुसरीकडे स्वस्तातला छोटा सर्व्हर घ्या, तेही झेपत नसेल तर आहे ते फुकटवालंच राहू द्या, फक्त पान बदला. कुमाचा एक फायदा म्हणजे साइटच्या https सर्टिफिकेटची मुदत संपण्याची सूचना, टिक केलं की संपायच्या २१, १४ आणि ७ दिवस आधी सांगतं. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट साधारणपणे ९० दिवसांचं, आपोआप रिन्यू होतं म्हणून कोणी बघत नाही, आणि त्यांचे आठवणीचे ईमेल जून २०२५ पासून बंद झालेत.

सगळं लावून झालं की मुद्दाम कीवर्ड चुकीचा टाका आणि अलर्ट खरंच कोणाच्या फोनवर येतो ते बघा. बाबांचा नंबर मात्र यादीत नको, रात्री दोनला ते सगळ्या घराला उठवतील.