हौसेचं दुकान झालं की हौस मरते का?

"आवडीचं काम विकायला काढलं आणि आवडच गेली." हे वाक्य समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून इतक्या जणांनी म्हटलंय, की आता पहिले दोन शब्द कानावर पडले तरी पुढचं मला कळतं. विणकाम करणारी मुलगी, लाकडी खेळणी घडवणारे गृहस्थ, फोटोग्राफर, दागिने बनवणाऱ्या दोघी मैत्रिणी. कामं निरनिराळी, पण शेवटी प्रश्न एकच: "मॅडम, बंद करू का हे सगळं?"

यातल्या एका चित्रकर्तीची गोष्ट इथे सांगते आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती काल्पनिक प्राणी काढते. पाठीवर शेवाळ उगवलेली गोगलगाय, चार कानांचं घुबड (त्यातले दोन कान झोपलेले), स्वतःच्याच शेपटीला घाबरणारा एक गुबगुबीत जीव, ज्याला नाव नाही. काळ्या शाईची बारीक रेघ आणि वर जलरंग. या चित्रांच्या प्रिंट, स्टिकर आणि पोस्टकार्डं ती ऑनलाइन विकते, शिवाय लोकांच्या फरमाईशीही घेते. हिशेबाची नोकरी सोडून तिने हे सुरू केलं, तेव्हा घरच्यांना धास्ती वाटली होती. ती माझ्याकडे आली तोवर धास्ती मावळली होती, कारण दुकान चालत होतं.

"विक्री कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. तोच तर वैताग आहे. वाईट असती तर कारण तरी सापडलं असतं."

सकाळी ती टेबलाशी बसायची, पेन हातात घ्यायची आणि आधी दुकानाचं पान उघडायची. रात्रीत किती जणांनी पाहिलं, कुणी कार्टमध्ये टाकून तसंच सोडून दिलं, कुणाची तक्रार आली. मग निरोपांना उत्तरं, मग पॅकिंग. पाकिटात प्रिंटच्या मागे कडक पुठ्ठा, वरून 'वाकवू नये'ची चिठ्ठी. दुपार झाली की चित्राचा कागद पुढ्यात यायचा आणि हात जड व्हायचा. काढायला बसलं की काहीतरी यायचं, ते विकलंही जायचं. पण काढताना मजा येत नव्हती, आणि ही गोष्ट कुणाला सांगायची चोरी झाली होती. मोठा भाऊ म्हणायचा, "आवडीचं काम करतेस, मग दमतेस कशाने?" या एका वाक्याने माझ्याकडे येणाऱ्या किती माणसांना गप्प केलंय, याची गणती नाही. आवडीच्या कामातही हिशेब असतो, पाठ दुखते, गिऱ्हाईक चिडतं. आवड आहे म्हणून दमणूक माफ होत नाही.

तिने स्वतःपुरता निष्कर्ष काढून ठेवला होता. "पैसे घ्यायला लागले तिथेच चुकलं. पैशाने कला नासते, लोक म्हणतात ते खरंच आहे."

मला हे पटत नव्हतं. भरपूर पैसे घेऊन आनंदाने काम करणारे कलाकार मी पाहिले आहेत, आणि एक पैसाही न घेता कुढत चित्रं काढणारेही. पैसा हे कारण असतं तर हिशेब इतका सरळ असता की माझी गरजच पडली नसती. काय नासलं यापेक्षा कुठे नासलं, हे मला बघायचं होतं. म्हणून मी तिला स्केचबुकं आणायला सांगितली, दुकान सुरू होण्याआधीची आणि नंतरची.

मला चित्रकलेतलं फार कळत नाही, आणि अशा वेळी ते सोयीचंच पडतं, कारण बाळबोध प्रश्न विचारता येतात. आधीच्या वह्यांमध्ये पान म्हणजे नुसती झुंबड होती. कोपऱ्यात अर्धा बेडूक, त्याच्या डोक्यावरून चालत गेलेलं दुसरंच कुणीतरी, काहींना डोळे नाहीत, एकाचे पाय पानाबाहेर गेलेले. एका पानावर विजेच्या बिलाची आकडेमोड होती आणि तिच्या बेरजेवर घुबड झोपलं होतं. नंतरच्या वह्या देखण्या होत्या. दर पानावर एकच प्राणी, नेमका मधोमध, भोवती मोकळी पांढरी जागा.

"हे सगळे मधोमध का बसलेत?" मी विचारलं.

"स्कॅन करायला सोपं जातं. आणि स्टिकर कापायचा तर भोवती कड सोडावी लागते."

"ही वही विकायची आहे?"

"नाही, ही तर कच्ची वही आहे."

"मग कच्च्या वहीत कड कशासाठी?"

तिने पुन्हा एकदा सगळी पानं उलटली. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. मी मध्ये काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला एखादं शहाणं वाक्य टाकायचा मोह होतो. तो आवरायला शिकायला मला बरीच वर्षं लागली, आणि ती सार्थकी लागली असं मला अशाच क्षणी वाटतं.

"मॅडम, हे सगळे माझ्याकडे बघतायत," ती म्हणाली. "आधीचे बघा, एकही वर बघत नाही. सगळे आपापल्या उद्योगात आहेत. आणि हे... हे फोटोला उभे राहिल्यासारखे उभे आहेत. घ्या मला, असं म्हणतायत."

ती हसली आणि लगेच चिडली. "म्हणजे मी चित्र काढतच नाहीये. मी स्टिकर काढतेय!"

"स्टिकर वाईट आहे का?"

"नाही. माझे स्टिकर चांगले आहेत."

"मग स्टिकर होणार हे कधी ठरतं? चित्र झाल्यावर, की पेन टेकवायच्या आधी?"

"आधी," ती म्हणाली. "कधीच आधी ठरलेलं असतं."

पैसा चित्र विकताना आड येत नव्हता. गिऱ्हाईक तिच्या पेन्सिलीच्या टोकाशी येऊन बसलं होतं, तेही कुणी न बोलावता, कारण त्या कच्च्या वहीवर कुणाचीच मागणी नव्हती. इथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण कुठे काम करायचं ते आम्हा दोघींना कळलं होतं.

माणूस आतल्या ओढीने काम करतो तेव्हा ते टिकतं, आणि ती ओढ 'हे मी माझ्या मर्जीने करते आहे' या जाणिवेवर पोसली जाते, असं मी मानते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी याच विचारावर आयुष्यभराचं काम उभं केलं आणि माझी सगळी बैठक त्यातूनच घडली. पण तिला मी आधी सांगितला तो मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांचा १९७३ सालचा प्रयोग. चित्रं काढायला आवडणारी ३ ते ५ वर्षांची मुलं निवडली होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. उरलेल्यांना काही दिलं नाही. पुढे काही दिवसांनी रंगीत पेनं नुसतीच समोर ठेवली, तेव्हा कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं चित्रं काढण्यात इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रमली.

हा प्रयोग 'बक्षिसाने हौस मरते' एवढ्यावर आणून सांगितला जातो. मला त्यातला मधला गट फार मोलाचा वाटतो. त्या मुलांनाही बक्षीस मिळालं होतं, आणि त्यांची हौस शाबूत राहिली. फरक एवढाच, की चित्र काढताना त्यांच्या डोक्यात बक्षीस नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ टेरेसा अ‍ॅमाबिले यांनी १९८५ साली लेखकांवर केलेला एक प्रयोगही इथे बसतो. एका गटाला कविता लिहिण्याआधी काही मिनिटं, लिहिण्याची पैसा-प्रसिद्धीसारखी बाहेरची कारणं क्रमाने लावायला दिली. कुणाला पैसे दिले नव्हते की कबूलही केले नव्हते, नुसता विचार करायला लावला होता. तरी त्यानंतर लिहिलेल्या त्यांच्या कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटल्या. हे ऐकताना ती म्हणाली, "म्हणजे मी रोज सकाळी दुकानाचं पान उघडते, तेच हे." मला समजावून सांगावं लागलं नाही.

आम्ही जे बदल ठरवले ते अगदी साधे होते, पण पाळायला कठीण. एक वही अशी केली, जी महिनाभर स्कॅनरजवळ जाणार नाही. महिन्याने ती उघडायची, आणि त्यातलं काही विकण्याजोगं वाटलं तर खुशाल विकायचं. म्हणजे विक्री ही त्या मधल्या गटातल्या मुलांसारखी मागाहून आलेली गोष्ट झाली. दुकानाचं पान दुपारी, चित्राचं काम आटोपल्यावर. पहिल्या आठवड्यात तिला हे अजिबात जमलं नाही. हात आपोआप फोनकडे जायचा. मग तिने फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली, आणि मी तिला सांगितलं की निश्चयाच्या बळावर मोह आवरण्यापेक्षा मोह लांब ठेवणं कधीही शहाणपणाचं.

फरमाईशींचा प्रश्न वेगळा होता. 'आमच्या मांजरीला पंख लावून द्या, पण डोळे तसेच हवेत, आणि रंग भिंतीला जुळणारा.' अशा कामानंतर ती दोन दिवस आजारी असल्यासारखी असायची. अ‍ॅमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ व्यावसायिक कलाकारांची प्रत्येकी १० मागणीवरची आणि १० स्वतःच्या मनाने केलेली कामं परीक्षकांसमोर ठेवली होती, कुठलं कोणतं हे न सांगता. कारागिरीत फरक नव्हता, पण मागणीवरची कामं सर्जनशीलतेत उणी ठरली. मात्र ज्या मागणीत कलाकाराला मोकळीक होती, तिथे निकाल वेगळा दिसला. म्हणून फरमाईश बंद करण्याऐवजी तिने तिचा फॉर्म बदलला. आता गिऱ्हाईक तीन शब्द देतं, एखादा स्वभाव किंवा एखादी सवय सांगतं, आणि प्राणी कसा दिसेल ते ती ठरवते. किंमतही वाढवली. काही लोक गेले. जे राहिले त्यांना तिचंच चित्र हवं होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचं घर याच कमाईवर चालत असेल आणि त्यांना हा सल्ला चैनीचा वाटेल. त्यांना मी वेगळं सांगते. जे हमखास खपतं, ते निःसंकोच विका. तिची शेवाळी गोगलगाय अजूनही सर्वांत जास्त जाते, आणि तिची छपाई, कापणी, पॅकिंग हे काम ती काम म्हणूनच करते. त्यातून आनंद मिळायलाच हवा असा हट्ट सोडला की निम्मा शीण तिथेच उतरतो. पोटासाठी केलेल्या कामाला कमी लेखायचं कारण नाही. आठवड्यातला अर्धा दिवस जरी असा ठेवता आला, की त्यातलं काही विकायचं हे आधी ठरलेलं नाही, तरी खूप झालं. तो अर्धा दिवस कामाच्या गर्दीत पहिला बळी जातो, म्हणून तो फरमाईशीच्या तारखेइतकाच पक्का लिहून ठेवा.

आणखी एक, आणि हे गंभीरपणे सांगते. फक्त चित्रातली गोडी गेली असेल तर वरचं सगळं लागू पडतं. पण गाणं नकोसं, माणसं नकोशी, जेवण बेचव, झोप बिघडलेली, आणि हे दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर प्रश्न दुकानाचा नसतो. ते नैराश्य असू शकतं आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. जगणंच नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या. तिच्या बाबतीत मी पहिल्याच भेटीत हे तपासलं होतं. ती मैत्रिणीच्या लग्नाच्या तयारीत रंगून गेली होती, पुस्तकं वाचत होती, खळखळून हसत होती. चित्राचा कागद तेवढा नकोसा होता.

घरच्यांना माझं सांगणं आहे, की दिवसाअखेर "आज किती गेलं?" हा पहिला प्रश्न नको. तिच्या भावाला मी एकदा बोलावून घेतलं होतं. साधा, प्रेमळ माणूस. तो म्हणाला, "मला चित्रातलं कळत नाही, म्हणून विक्रीबद्दल विचारतो." मी त्याला म्हटलं, "मलाही कळत नाही. 'हा प्राणी काय करतोय?' एवढं विचारून बघा."

तिचं दुकान सुरू आहे. मंदीचे महिने येतात तेव्हा ती अजूनही घाबरते, आणि मग सलग चार-पाच पानं पुन्हा मधोमध बसलेल्या प्राण्यांची निघतात. आता ते तिचं तिलाच दिसतं. मध्यंतरी तिने नवीन वहीतलं एक पान मला दाखवलं. घुबडाची पाठ आमच्याकडे होती, आणि चार कानांपैकी तीन पानाच्या कडेबाहेर गेले होते. "हे स्टिकरला चालणार नाही," असं म्हणून तिने पान उलटलं आणि पुढचं दाखवायला लागली.