लाल रंग फिका का पडेना?

प्रश्न : फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम थायोसायनेटच्या प्रात्यक्षिकात आमच्या परीक्षानळ्यांमध्ये काहीही घातलं तरी रंग काळपट लालच राहिला. शिवाय पाणी घातलं की कुठलंही रंगीत द्रावण फिकं होतंच. मग समतोल सरकला हे ओळखायचं कसं?
– अकरावीची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : लोह आणि थायोसायनेटचे आयन जुळून लाल संयुग बनतं आणि ते सतत तुटतही असतं; या दोन्ही क्रियांचा वेग सारखा झाला की त्याला समतोल म्हणतात. तुमची द्रावणं फार तीव्र झाली. दोन्ही पदार्थ प्रत्येकी ०.१ ग्रॅम घेऊन वेगवेगळ्या १०० मिलि पाण्यात विरघळवा. फेरिकच्या द्रावणात विरल नायट्रिक आम्लाचे चार-पाच थेंब टाका, नाहीतर लोहाचे आयन पाण्याशीच अभिक्रिया करतात आणि द्रावण तपकिरी, गढूळ होतं. (तीव्र आम्ल अजिबात नको, थायोसायनेटपासून विषारी वायू निघू शकतात.) मग दोन्हींचे २०-२० मिलि एकत्र करा.

तीन नळ्यांत हे मिश्रण २.५ मिलि घ्या. पहिलीत ७.५ मिलि पाणी. दुसरीत १ मिलि फेरिक आणि ६.५ मिलि पाणी, तिसरीत १ मिलि थायोसायनेट आणि ६.५ मिलि पाणी. एकूण आकारमान सगळीकडे १० मिलि, म्हणूनच तुलना खरी. दुसरी आणि तिसरी नळी पहिलीपेक्षा गडद दिसेल.

पाण्याची शंका मात्र रास्त आहे, आणि बरेचजण तिथेच फसतात. नुसतं मिश्रण असलेली चौथी नळी पहिलीशेजारी पांढऱ्या कागदावर उभी धरा आणि बाजूने नव्हे, वरून पाहा. पाण्यामुळे स्तंभाची उंची चौपट झाली, पण नजरेच्या रेषेतला रंगद्रव्याचा साठा तेवढाच. पोटॅशियम परमँगनेटचं विरल द्रावण घेऊन हेच केलंत तर वरून रंग जवळपास सारखाच दिसतो. इथे तो स्पष्ट फिका दिसतो, कारण लाल संयुग तुटून पुन्हा लोह आणि थायोसायनेटचे आयन झाले. ढोबळ हिशेबाने, संयुगात अडकलेलं लोह ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते १५ टक्क्यांपर्यंत उतरतं.

ऑक्झॅलिक आम्लाचे थेंब टाकले तरी रंग उतरतो. ते लोहाला स्वतःशी बांधून घेतं.

पोटॅशियम क्लोराइडनेही रंग थोडा उतरतो, पण ‘पूर्ण समीकरणात पोटॅशियम क्लोराइड उजवीकडे आहे, म्हणजे उत्पादित वाढलं म्हणून समतोल मागे गेला’ हे कारण चूक. पोटॅशियम आणि क्लोराइड या समतोलात नाहीतच. क्लोराइड लोहाला थोडंसं धरून ठेवतं आणि द्रावणातले आयन वाढल्याचाही परिणाम होतो. वहीत आयनी समीकरणच लिहा, म्हणजे प्रत्यक्ष भाग घेणारे आयनच दाखवणारं.