साडेचार लाख भरण्याआधी नऊ रात्री

पत्र, थोडक्यात: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुण साठच्या आसपास असतात. पण डोक्यात रात्रंदिवस नवी गाणी आणि कॉन्सर्ट. शिकवण्या घेऊन मिळवते ते सगळे तिकिटांत जाते. जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाला गेली, त्यानंतर दोनदा मुंबईला. आता म्हणते, बी.कॉम. सोडते आणि मुंबईला लाइव्ह साउंडचा, म्हणजे कार्यक्रमाचा आवाज सांभाळण्याचा, एक वर्षाचा कोर्स करते. फी साडेचार लाख. तिचे बाबा म्हणतात, सी.ए. कर. हा छंद आहे की करिअर, हे ओळखायचे कसे? तिची समजूत तुम्हीच घाला.

ताई, नमस्कार.

समजूत घालायला मी तयार नाही, कारण मुलगी भलतेसलते काही मागत नाही. तिचा क्रम तेवढा उलटा आहे: आधी फी, मग काम. तो सुलटा करायला बडोद्यासारखे गाव नाही. नवरात्रात सलग नऊ रात्री हजारो माणसे उघड्या मैदानात प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या तालावर फिरतात, आणि एवढा मोठा आवाज रोज रात्री उभा करणारी माणसे आपल्या गावातच आहेत.

आधी छंदाचे बघू. अहमदाबादहून आल्यावर ती घरात काय बोलत होती, ते आठवा. २५ आणि २६ जानेवारीला नरेंद्र मोदी स्टेडियमवर दोन्ही दिवस लाखाच्या वर गर्दी होती. तिथून आलेली मुलगी फक्त गाण्यांची यादी सांगत असेल, तर ती उत्तम श्रोता आहे आणि त्यातही काही वाईट नाही. पण "मधल्या टॉवरवरचे स्पीकर कशाला होते", "पहिल्या गाण्याला आवाज दबलेला होता, दुसऱ्याला सुधारला" असले काही तिच्या तोंडून निघाले असेल, तर कान कामाकडे वळलेला आहे. तिकीट काढून गेलेल्याचा कार्यक्रम सातला सुरू होतो आणि दहाला संपतो. काम करणाऱ्याचा सकाळी ट्रक मागे घेण्यापासून सुरू होतो आणि शेवटची पेटी चढल्यावर मध्यरात्रीनंतर कधीतरी संपतो. मधली गाणी त्याला धड ऐकूही येत नाहीत. त्याचा जीव तिसऱ्या वायरलेस माइकच्या बॅटरीत अडकलेला असतो.

गरब्याचेच उदाहरण घ्या. मैदान मोठे असले की मंचाजवळचे स्पीकर कितीही वाढवून भागत नाही. पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना ऐकू येत नाही. म्हणून मध्ये टॉवर उभारतात. आवाज सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो. म्हणजे मंचापासून ७० मीटरवरच्या टॉवरपर्यंत हवेतून यायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि तारेतून तो तिथे तत्क्षणी पोहोचतो. तो फरक भरून काढायला टॉवरचा आवाज मुद्दाम २०० मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो. नाही सोडला, तर तिथल्या माणसाला ढोलाचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो आणि टाळी चुकते. खेळणारा म्हणतो, "आज मजा नाही आली." कारण काय, हे त्याला कळत नाही, ज्याला कळते त्याला या धंद्यात पैसे मिळतात.

आता जागा कशी मिळवायची. आयोजकांकडे जाऊ नये. तिथे स्वयंसेवकाचा बिल्ला मिळतो आणि नऊ रात्री फाटकावर पास तपासण्यात जातात. साउंड भाड्याने देणाऱ्याच्या गोदामात जावे, तेही गणपतीच्या आधी. गणपतीत छोट्या मंडपाच्या कार्यक्रमांना हात कमी पडतात. तिथे दोन-चार दिवस वेळेवर येणारी, केबल नीट गुंडाळणारी मुलगी दिसली, की नवरात्रात मोठ्या मैदानावर नेतात. मिक्सरला (सगळ्या माइकांचे आवाज जिथून कमी-जास्त करतात त्या यंत्राला) हात लावू देणार नाहीत, तशी अपेक्षाही नको. मंचावरचे काम मागायचे: माइक लावणे, तारा ओढणे, चॅनेल (मिक्सरवरची एकेका माइकची किंवा वाद्याची वाट) तपासणे. पैसे मिळाले तर घ्यावेत, पण पहिल्या वर्षी मानधनापेक्षा दोन गोष्टी आधी ठरवाव्यात: रात्री घरी सोडणारे वाहन कोणते आणि वरिष्ठ माणूस कोण. पायात बंद बूट हवेत, आणि ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचा धातूचा सांगाडा) किंवा स्पीकर वर चढत असताना त्याखाली उभे राहायचे नाही, कोणी हाक मारली तरी.

कानांबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण आईने विचारायला हवे. अमेरिकेतल्या नियोश या संस्थेच्या निकषाप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. मोठ्या स्पीकरच्या पुढ्यात पाच-पाच तास, आणि असे नऊ दिवस! फोमचे बोळे आवाज बोदा करतात, म्हणून संगीतासाठी बनवलेले फिल्टरवाले इअरप्लग घ्यावेत. त्यांत सगळ्या सुरांचा आवाज सारखाच कमी होतो आणि काम करता येते. कोर्सच्या फीआधी हा खर्च करा.

इथून पुढचे तिला वाचायला द्या.

बेटा, मैदानावर काय बिघडते ते आधी माहीत असले तर तू गोंधळणार नाहीस. सगळ्यात वाईट बिघाड आवाजाचा नसतो, विजेचा असतो. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झाला की २३० व्होल्टवर चालणाऱ्या मिक्सरला ३००, कधी त्याहूनही जास्त व्होल्ट जाऊ शकतात आणि महागडे सामान एका क्षणात जळते. म्हणून शहाणा साउंडवाला जनरेटरवाल्याने "ओके" म्हटले तरी स्वतः मीटर लावून फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ मोजतो, मगच मेन चालू करतो. दिव्यांचा आणि साउंडचा जनरेटर वेगळा मागतात तोही उगीच नाही. डिमरचा खरखराट साउंडमध्ये शिरतो. स्पीकरमधून एकसारखा "हूं" येत असेल तर तो ५० हर्ट्झचा, बहुतेक वेळा अर्थिंगच्या दोन वाटा एकमेकींना भिडल्याचा. तो घालवायला मेनच्या प्लगची अर्थची पिन काढणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. गायकाच्या हातात धातूचा माइक असतो.

दुसरा नेहमीचा त्रास शिट्टीचा. गायकाच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरचा (त्याला स्वतःचे गाणे ऐकवणाऱ्या स्पीकरचा) आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा मॉनिटरमधून निघतो आणि चढत जातो. माइक मागच्या बाजूने कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या पाठीकडे ठेवतात. पण गायकाने जाळीचा गोळाच मुठीत धरला की मागची छिद्रे बंद होतात, माइक चहूकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी बसते. अशा वेळी आवाज कमी करण्याआधी त्याचा हात दांड्यावर सरकवायला सांगायचे, तेही गोड बोलून. गरब्यात तर गाणे तासभर थांबत नाही. त्यामुळे एक जादा माइक, एक जादा केबल आणि मिक्सरवर एक मोकळे चॅनेल पहिल्यापासून लावून ठेवतात. वायरलेसची बॅटरी "अजून अर्धी आहे" म्हणून तशीच ठेवायची नसते, रोज नवी.

तयारी घरी करता येते. एक्सएलआर (माइकच्या केबलचे तीन पिनांचे) कनेक्टरच्या दोन जोड्या, दहा मीटर तार, २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर घे. पिन १ जमीन, २ आणि ३ सिग्नल. दोन केबल स्वतः जोड आणि मीटरने तपास. मग ती केबल एक वेढा सरळ, एक उलटा अशी गुंडाळायला शीक. कोपरावर गुंडाळलेली तार आतून पिळते आणि सहा महिन्यांत तुटते. गोदामात पहिल्या पाच मिनिटांत तुझी पारख यावरूनच होणार आहे. मिक्सर विकत घेऊ नकोस. बेहरिंगरच्या एक्स-३२ मिक्सरचा एक्स-३२ एडिट हा प्रोग्राम लॅपटॉपवर फुकट चालतो, मिक्सर जोडलेला नसला तरी. त्यावर एखाद्या गरबा वाद्यवृंदाची चॅनेल-यादी मांड: दोन मुख्य गायक, कोरसचे तीन-चार, ढोलाच्या दोन बाजू, ढोलक, नगारा, ऑक्टोपॅड, कीबोर्डची दोन. गायकांच्या चॅनेलवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग काप, म्हणजे नगाऱ्याचा धमाका त्यांच्या माइकमधून दुसऱ्यांदा येणार नाही. कोणत्या वाद्याला कोणता माइक, कोणत्याला डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी), ४८ व्होल्ट (काही माइकांना मिक्सरकडून द्यायची वीज) कुठे लागतात, हे त्या यादीतच लिही.

आणखी एक. तुझ्याच विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी सूरसागर तळ्यापाशी आहे. १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली ती हीच. तिथल्या बैठकांना जा आणि तबला माइकशिवाय जवळून ऐक. दायाँ (जोडीतला उजवा तबला) मूळचा कसा वाजतो हे ज्याच्या कानात नाही, तो मिक्सरवर नुसता बटणे फिरवत राहतो. तू रोज नवे संगीत ऐकतेस ते चांगलेच आहे. पण ते स्पीकरमधून आलेले, आधीच तयार केलेले असते.

त्या नव्या गाण्यांचाही उपयोग आहे, फक्त तुला वाटतो तो नाही. कोण आवडते याला बाजारात मोल नाही. बडोद्यात कोणाची ३०० तिकिटे खपतील, हे सांगता आले तर आहे. पुढच्या सहा महिन्यांत बडोदा, अहमदाबाद, सुरत इथे जाहीर होणारा प्रत्येक कार्यक्रम वहीत लिही: कलाकार, जागा, भाव, तुझा अंदाज. अंदाज आधी लिहायचा, खोडायचा नाही. नंतर खरे काय झाले ते शेजारी. वीसेक नोंदींनंतर कळेल की तुझे कान गर्दीच्या पुढे आहेत की नुसते वेगळे आहेत. कलाकार ठरवणाऱ्या कंपनीत मुलाखतीला ही वही ने. दिवे, व्हिडिओ, मंचबांधणी हेही धंदे आहेतच, पण तुझ्या आईच्या पत्रात तुला त्यांची ओढ असल्याचे दिसले नाही, म्हणून सोडतो.

आणि बी.कॉम. सोडू नकोस, कारण या धंद्यात हिशेब कळणाऱ्यांची वानवा आहे. कॉन्सर्टचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही. त्यावर गेले की १८ टक्के. आयोजक म्हणतो, ५०० चे ६०० करू. कर धरून ६०० असेल तर हातात उरतात ५०८ रुपये ४७ पैसे. शंभर वाढवून साडेआठ सुटले! पण थांब. साउंडचे भाडे पाच लाख आणि त्यावर ९०,००० जीएसटी असेल, तर करमाफ तिकिटांच्या कार्यक्रमात ते ९०,००० गेले. करपात्र तिकिटांत ते तिकिटांवर गोळा केलेल्या जीएसटीतून वळते करून घेता येतात. २,००० तिकिटे खपली तर ५०० च्या भावाने साउंड वजा जाता ४ लाख १० हजार राहतात, ६०० च्या भावाने ५ लाख १७ हजारांच्या जवळ. आणि भाव वाढल्यामुळे १,८०० च खपली, तर ४ लाख १५ हजार, म्हणजे जवळपास तिथेच. हे गणित दहा मिनिटांत मांडून दाखवणारा माणूस आयोजक सोडत नाही. वर कलाकाराच्या मानधनावर १० टक्के टीडीएस, कंत्राटदारावर १ किंवा २. दुसऱ्यांची गाणी गायची तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा) परवाना. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकते तेवढीच. परवानगी वेळेत न मिळाल्याने कार्यक्रम अर्ध्यावर थांबतो, तेव्हा मिक्सरवर कोण बसले आहे याला काही अर्थ उरत नाही.

ताई, पुन्हा तुमच्याकडे. कोर्सची फी आत्ता भरू नका. पदवीनंतरही तिला तेच हवे असेल, तर संस्थेला तीन प्रश्न विचारा: एका मिक्सरवर किती विद्यार्थी बसतात, वर्षात खऱ्या कार्यक्रमावर किती दिवस काम मिळते, आणि वीज व वजन चढवण्याची सुरक्षितता शिकवतात का. तिसऱ्याला गुळमुळीत उत्तर आले तर परत या. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट कोणी सुचवेल. तिथला साउंडचा अभ्यासक्रम सिनेमाच्या ध्वनीचा आहे आणि त्याला बारावीला भौतिकशास्त्र लागते.

बाबांना सांगा, सी.ए.ची वाट बंद होत नाही. कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी झाली की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमीजिएटला नोंदणी होते. तिचे साठ टिकले पाहिजेत, एवढेच. म्हणून नवरात्राच्या तारखा आणि विद्यापीठाच्या चाचण्या आत्ताच शेजारी मांडून बघा. एकत्र येत असतील तर नऊऐवजी पाच रात्री.

मिळकतीविषयी गैरसमज नको: काम दर कार्यक्रमामागे असते, पावसाळ्यात रोडावते आणि पैसे उशिरा येतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षे घरचा आधार लागतो, तो किती देता येईल ते तिला आकड्यात सांगा.

दसऱ्याला तिला झोपू द्या. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः मला लिहावे, नऊ रात्रींची चॅनेल-यादी आणि रोज काय बिघडले त्याची नोंद जोडून. शेवटच्या रात्री पेट्या ट्रकमध्ये चढेपर्यंत थांबली होती की आरतीनंतर निघाली, तेही लिहायला सांगा.