पीसीएम घेतलं, आता मेंदूचा अभ्यास करता येईल का?

प्रश्न: मुलगी बारावीत आहे, बायोलॉजी सोडून पीसीएम घेतलं. उन्हाळ्यात तिच्या आबाजींना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं मात्र सगळं. त्यांचा एमआरआय पाहिल्यापासून तिला 'हेच' शिकायचं आहे. उशीर झाला का? – एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: नमस्कार. उशीर झालेला नाही, पण 'हेच' म्हणजे नेमकं काय ते तिला विचारा.

लकव्याचा पेशंट आला की आधी सीटी काढतात, मेंदूत रक्तस्राव आहे का हे पाहायला. नसेल, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तो निर्णय डॉक्टरचा. तिला तिथे उभं राहायचं असेल तर नीट, एमबीबीएस, पुढे रेडिओलॉजी किंवा न्यूरॉलॉजी. बायोलॉजी आधी द्यावंच लागेल.

पण मला वाटतं तिला वेगळंच छळतंय: इजा इथे झाली, मग वाचाच का गेली? १८६१ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर पॉल ब्रोकांचा एक पेशंट 'टॅन' एवढंच बोलायचा. इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात आहे हे कळलं ते तो गेल्यावर, शवविच्छेदनात. आता जिवंत पेशंटच्या एमआरआयवर इजेची हद्द आखतात, अनेकांचे मेंदू एकाच साच्यात बसवतात आणि चित्रातल्या जवळपास मिलिमीटरभराच्या एकेका ठोकळ्याला विचारतात, इथे इजा असलेल्यांचं बोलणं जास्त बिघडतं का? गोम अशी की इजा रक्तवाहिनीच्या वाटेने जाते. कालवा बुजला की त्याच्यावरची सगळी शेतं एकदमच सुकतात. मग दोष नेमका कोणत्या तुकड्याचा? ही गाठ संख्याशास्त्राने आणि इमेज प्रोसेसिंगने सोडवायची असते, आणि तिथे पीसीएमवाल्यांची गरजच आहे.

(आबाजींना 'सगळं समजतं' हे स्पीच थेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. घरच्यांचा अंदाज पुष्कळदा चुकतो.)

इंजिनिअरिंग करायचं तर संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स; व्हीएनआयटी गावातच आहे. विज्ञानच हवं तर आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था). खरं काम पीएचडीत: बंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मानसिक आरोग्याची संस्था), तिथलीच भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी), मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. पीएचडी होईपर्यंत फेलोशिपवर भागवावं लागतं, बरा पगार वयाच्या तिशीच्या आसपास. हे घरात आत्ताच बोलून घ्या, नाहीतर चौथ्या वर्षी प्लेसमेंटवरून भांडणं होतात.

बारावीनंतरच्या सुट्टीत तिने पायथन शिकावं. आणि आयसरची प्रवेश परीक्षा जेईईहून वेगळी असते. तिचा फॉर्म भरायचा राहून जातो, तारखेवर लक्ष ठेवा.