माडीची भिंत किती, आढं किती? वाचकांचे बांधकामाचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं घर आहे, खाली स्लॅब आहे. वर माडी काढायचीय पण पुन्हा स्लॅबचं बजेट नाही म्हणून उतरतं छत करणार आहे. पुढं १६ फूट रुंदीचा हॉल आणि मागं १० फुटी बेडरूम. गवंडी म्हणतोय भिंत दाराच्या उंचीला, म्हणजे ७ फुटांवर थांबवू, पुढचं आढ्यात (छताच्या मधल्या सर्वांत उंच रेषेत) निघतंय की. कौलं घालावीत का पत्रा तेही ठरेना. परवान्याला अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि अडचण त्या ७ फुटांतच आहे. भिंतीची उंची एक जण ठरवतो, छताचा उतार दुसरा, आणि घरमालक मधे उभा. असं करू नका. भिंत आणि उतार हे एकच गणित आहे, ते वीट लावायच्या आधी कागदावर झालं पाहिजे.

आधी नियम बघू. आपल्याकडं महापालिका हद्दीत डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर म्हणतात ती. राहत्या खोलीला उंची कमीत कमी २.७५ मीटर लागते, म्हणजे ९ फुटांच्या वर एक केसभर. उतरत्या छताला ही सरासरी धरतात. छत मधोमध आढ्याचं असेल तर भिंतीपाशी किती आणि आढ्याखाली किती, दोन्हीची बेरीज भागिले दोन. शिवाय राष्ट्रीय बांधकाम संहिता, एनबीसी, वळचणीपाशी, म्हणजे छत भिंतीवर उतरतं तिथं, आणि तुळईखाली मोकळी उंची २.४ मीटर ठेवा म्हणते, म्हणजे ७ फूट साडेदहा इंच. माझं मत विचाराल तर भिंतीपाशी हे माप सोडूच नका, कपाट उभं राहतं, खिडकीवर पडद्याचा रॉड बसतो, माणूस वाकून चालत नाही.

आता तुमच्या गवंड्याचा हिशोब लावून बघू. भिंत ७ फूट, मंगलोरी कौलं, उतार दोनास एक, म्हणजे आडव्या दोन फुटांना एक फूट चढ. १६ फुटी हॉलला अर्धी रुंदी ८ फूट, चढ ४ फूट, आढं ११ फुटांवर. सरासरी बरोबर ९ फूट. नियमाला अगदी थोडक्यात कमी! आणि हे स्लॅबवरून मोजलंय. माप फरशीवरून धरतात, आणि कोबा (फरशीखालचा काँक्रीटचा थर) नि फरशी मिळून तीन इंच सहज जातात, मग काय राहिलं? मागच्या १० फुटी खोलीला तर चढ फक्त अडीच फूट मिळतो, सरासरी सव्वाआठ, तिथं विषयच संपला.

इथंच बहुतेकांचं चुकतं बघा. खोली लहान म्हणून लोक भिंत पण लहान ठेवतात, आणि पाहिजे बरोबर उलटं. खोली जितकी अरुंद आणि उतार जितका कमी, तितकी भिंत उंच लागते, कारण आढ्याला वर जायला जागाच मिळत नाही.

कौलं घालणार असाल तर फरशीपासून ७ फूट साडेदहा इंच भिंत धरा, दोन्ही खोल्या नियमात बसतात, मागची सुद्धा ९ फूट दीड इंचावर येते. गवंड्याला सांगताना स्लॅबपासून ८ फूट २ इंच सांगा, फरशीचं त्यात आलं. पत्रा घालणार असाल तर उतार साधारण पाचास एक ठेवतात, मग १० फुटी खोलीला चढ फक्त फूटभर, तिथं भिंत फरशीपासून साडेआठ फुटांच्या वर न्यावी लागते, ८ फूट ७ इंच करा. म्हणजे पत्रा स्वस्त दिसतो पण वरचे विटांचे थर, गिलावा, रंग हे वाढलं, ते धरून तुलना करा.

कौलांचा उतार पैसे वाचवायला म्हणून कमी करू नका. आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेचा वारा झड घेऊन येतो, उतार कमी असला की पाणी कौलाच्या जोडाखालनं मागं सरकतं आणि वासे भिजतात. वजनाचंही बघा. एक कौल दोन-अडीच किलोचं, भिजलं की आणखी जड, खालच्या भिंती नि पाया ते घेतील का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवा. खालचं बांधकाम जुनं असेल तर पत्र्याकडं वळा असं मीच सांगेन, मात्र खाली उष्णतारोधक थर घालून, नाहीतर एप्रिलमध्ये माडीवर बसवणार नाही.

आणि एक, आढ्याच्या दोन्ही टोकांना जी त्रिकोणी भिंत वर जाते ती नुसत्या विटांची सोडू नका. तिच्या उतरत्या कडेनं काँक्रीटची पट्टी, गेबल बँड, घालायला आयएस ४३२६, म्हणजे भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक, सांगतं. भूकंपात पहिल्यांदा हाच त्रिकोण बाहेर पडतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो, आणि कोयना इथनं काही फार लांब नाही.

प्रश्न : आढं रस्त्याला समांतर ठेवायचं का आडवं, यानं परवान्याच्या उंचीत फरक पडतो का? (राजारामपुरी)

उत्तर : पडतो. उतरत्या छताच्या इमारतीची उंची बाहेरच्या भिंतीची बाहेरची बाजू छताला जिथं भेटते तिथपर्यंत मोजतात, आढ्यापर्यंत नाही. पण त्रिकोणी बाजू रस्त्याकडं तोंड करून असेल तर वळचण आणि आढं यांच्या मधल्या बिंदूपर्यंत मोजतात. उंचीची मर्यादा अगदी काठावर असेल तर आढं रस्त्याला समांतर घ्या. मात्र मग निम्म्या छताचं पाणी रस्त्याच्या बाजूला येतं, तिथं पन्हळ आणि खाली पाईप लागेलच.

प्रश्न : आमच्या कौलारू माडीत फार उकडतं म्हणून पीओपीचं सपाट सिलिंग करायचंय, भिंतीच्या उंचीला. चालेल का हो? (मंगळवार पेठ)

उत्तर : ताई, सपाट सिलिंग लावलं की आढ्याखालची उंची गेली, सरासरीचा फायदा संपला, मग माप सिलिंगपर्यंतच धरतात. तिथं २.७५ मीटर मिळत असेल तरच करा. एसीची खोली असेल तर २.४ मीटर चालतं. त्यापेक्षा सिलिंग वाशांच्या खालनं उतारालाच लावून घ्या, वर उष्णतारोधक थर, आणि त्रिकोणी भिंतीत आढ्याजवळ दोन्हीकडं जाळीचे झरोके, गरम हवा निघून जाते. मधे एक-दोन फळ्या काढता येतील अशा ठेवा. कौल फुटलं तर गळती कुठनं येते ते दिसलं पाहिजे, नाहीतर वासा कुजेपर्यंत पत्ता लागत नाही.

प्रश्न : शेजाऱ्याच्या बाजूला छताची वळचण किती बाहेर काढता येते? (कसबा बावडा)

उत्तर : मार्जिनच्या, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेच्या आत, सर्वसाधारणपणे पाऊण मीटरपर्यंत. भिंत हद्दीलाच लागून असेल तर त्या बाजूला एक इंचही नको, पागोळ्या त्यांच्या अंगणात पडता कामा नयेत. अशा वेळी उतारच आपल्या अंगणाकडं फिरवा किंवा भिंत थोडी वर घेऊन आतल्या बाजूनं पन्हळ काढा, आणि ती रुंद ठेवा, मे महिन्यात साफ करून घ्या.