गाजलेला थ्रिलर आवडला नाही, तर

अगं, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली कादंबरी तुला फसवी वाटली म्हणून स्वतःला कच्ची वाचक समजू नकोस. फक्त राग नेमका कशाचा आला ते तपास. शेवट आधीच कळला, की शेवटाची तयारीच लेखकाने केली नव्हती? सुरुवातीची प्रकरणं पुन्हा चाळ. निवेदिकेला ‘त्या रात्रीचं’ काहीच आठवत नाही, आणि कथानक अडलं की नेमकं तेवढंच आठवतं, असं असेल तर तुझी तक्रार शंभर टक्के रास्त आहे. विस्मरणाने पात्राचं मन उलगडायला हवं. नुसती माहिती दडवायला ते वापरणं म्हणजे लबाडी. मला याचा फार संताप येतो.

सगळे धागे समोर ठेवूनही वाचकाला कसं चकवतात, ते अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये बघ. त्याआधी त्या कादंबरीबद्दल कुठेही काही वाचू नकोस, परीक्षण तर नाहीच.

आणि ‘धक्कादायक शेवट’ असं मुखपृष्ठावर छापलेलं दिसलं की लगेच पुस्तक विकत घ्यायला पुण्यातला अप्पा बळवंत चौक गाठू नकोस. आधी वाचनालयातून आण. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, तिथे सभासद हो.